बोट लागते का, फोन लागतो का? मुंबई–लक्षद्वीप–मुंबई

निघण्याआधी

क्रूझचं बुकिंग झाल्याचं सोसायटीत कळलं, तेव्हापासून जो भेटेल तो दोनच गोष्टी विचारायचा. बोट लागली तर काय करणार? आणि तिकडे फोन लागतो का? किती पैसे पडले हे विचारायलासुद्धा लोक विसरले, म्हणजे बघा.

आमच्या घरात या चिंतांची वाटणी आधीच झाली होती. बोटीची चिंता नवऱ्याला, कारण आंबेनळी घाटात पुढच्या सीटवर बसूनही हा लिंबू हुंगत असतो. फोनची मला. माझे बाबा कोल्हापूरला एकटे राहतात, वय ८१, अँजिओप्लास्टी झालेली. रोज रात्री नऊला आमचा फोन होतो. नऊ वाजून दहा मिनिटं झाली की ते शेजारच्यांना उठवतात. ‘चार दिवस फोन बंद ठेवा, डिजिटल डिटॉक्स करा’ असं सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. त्यांच्या घरी सगळे धडधाकट असावेत. अकरावीतल्या चिरंजीवांना कसलीच चिंता नव्हती, गेम आधीच डाउनलोड करून ठेवले होते. आणि सासूबाई मालवणच्या. लहानपणी दर मे महिन्यात कोकण बोटीने गावाला जायच्या. त्यांनी एका वाक्यात विषय संपवला, “माका काय एक होवचा नाय.”

एजंटने सगळ्यात वरच्या मजल्यावरची, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाची केबिन सुचवली. व्ह्यू छान मिळतो म्हणे. नवऱ्याने तिथेच हात जोडले. लाटांवर जहाज पुढे-मागे होतं ते सी-सॉसारखं. टोकावर बसलेला उडतो, मधल्या दांड्याजवळचा जवळजवळ जागेवरच असतो. आणि आडवं झुलतं तेव्हा जितके उंच तितका हेलकावा मोठा. म्हणून मधली आणि खालची केबिन. ती स्वस्त पडते, हे एजंट आपणहून सांगत नाहीत. मी एकच हट्ट धरला, खिडकी हवी. उघडली नाही तरी चालेल, पण बाहेरचं पाणी दिसलं पाहिजे. बिनखिडकीच्या केबिनमध्ये पोटाला सगळं कळतं आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथेच घोळ सुरू होतो. बाल्कनीचे पैसे वाचवा, खिडकीचे वाचवू नका.

महिना फेब्रुवारीचा निवडला. जून ते सप्टेंबर अरबी समुद्राकडे बघायचंही नाही. त्याच्या आगेमागे वादळांचे महिने. ओखी २०१७ च्या डिसेंबरात लक्षद्वीपला झोडपून गेलं, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेने मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडवला, ते आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राचा रोजचा अंदाज देते, लाटांची उंची मीटरमध्ये. मच्छीमार बघतात तो अंदाज आपणही बघायला हरकत नाही. आमच्या आठवड्यात एक ते दीड मीटर दिसत होती. दोनशे मीटरहून लांब जहाजाला ती म्हणजे किरकोळ.

आमच्या डॉक्टरांनी ॲव्होमिन लिहून दिली. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यायची, झोप येईल, बरोबर दारू नको. सासूबाईंना मात्र ‘लागली तरच, आणि मला विचारून’ असं बजावलं, कारण काचबिंदू असलेल्यांना आणि वयस्कर माणसांना ही गोळी जपून द्यावी लागते. शिवाय दादरहून पाव किलो आलेपाक.

फोनची तयारी जास्त किचकट होती. घाबरायचं ते नेटवर्क नसण्याला नाही, भलत्याच नेटवर्कला. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर बऱ्याच क्रूझ जहाजांचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क सुरू होतं. जहाजावर छोटे अँटेना, तिथून सिग्नल उपग्रहावर. किनाऱ्याजवळ, साधारण १२ सागरी मैलांच्या म्हणजे २२ किलोमीटरच्या आत, ते बंद ठेवतात. पण एकदा सुरू झालं की आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू असलेला फोन ते निमूटपणे पकडतो. जहाज भारतातून भारतात जातंय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. साध्या प्रीपेडला पॅकशिवाय सहसा काही होत नाही. खरी भीती पोस्टपेडला, त्यातही ऑफिसने दिलेल्या सिमला, कारण त्यावर रोमिंग कायम चालू असतं. नवऱ्याचं तसलंच. फोन खिशात पडून राहिला तरी मेल येत राहतात, ॲप अपडेट होत राहतात, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे आपल्यालाच पडतात. समुद्रावरचा दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा कितीतरी चढा, आणि परदेशवारीची पॅकं इथे लागू होतीलच असं नाही.

उपाय अगदी साधा आहे. फ्लाइट मोड टाकायचा आणि मग वायफाय तेवढं वेगळं चालू करायचं. विमानात करतो तेच. व्हॉट्सॲपवरचे फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद, फोटोंचा बॅकअप बंद. लक्षद्वीपचा परवाना, तिकिटं, आधार यांच्या कागदी प्रती. विजेचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, क्रेडिट कार्ड, सगळं आधीच भरून टाकलं, कारण ओटीपी मोबाईल नेटवर्कवरून येतो. वायफायवर व्हॉट्सॲप मजेत चालेल, पण बँकेचा एसएमएस बहुतेक वेळा येणार नाही. लोकांचं याच ठिकाणी अडतं.

बाबांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: रात्री नऊला व्हॉट्सॲपवर मेसेज येईल. नाही आला तरी काळजी नको, सकाळी येईल. खाली बुकिंग कंपनीचा किनाऱ्यावरचा नंबर आणि आमचा केबिन नंबर.

पहिला दिवस: मुंबई

बॅलार्ड पिअरला दुपारी पोचलो. बॅगा, सुरक्षा तपासणी, प्रत्येकाला एक कार्ड. तेच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. जहाजावर यूपीआयची गरजच पडत नाही, खर्च त्या कार्डावर चढत जातो. (उतरताना कळतो.)

निघायच्या आधी सगळ्यांना ठरलेल्या जागी बोलावून कवायत घेतली. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा ऐकला की इथे यायचं. लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवलं. पूर्वी हा सराव निघाल्यावर चोवीस तासांत कधीही घेतला तरी चालायचा. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याला कोस्टा कॉनकॉर्डिया कलंडलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम कडक झाला. आजूबाजूचे लोक सेल्फी काढत होते. सासूबाई मात्र कान देऊन ऐकत होत्या. त्यांच्या पिढीला ‘रामदास’ बोट माहीत आहे. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यांच्या जन्माच्या आधीची गोष्ट, पण घराघरात सांगितली जायची.

नवऱ्याने जहाजात पाऊल टाकण्याआधीच गोळी घेतली होती. संध्याकाळी पाचला जहाज हललं तेव्हा तो गाढ झोपला होता. मुंबई बंदरातून बाहेर पडतानाचा सगळा देखावा, गेटवे, कुलाबा, उजवीकडे लांबवर प्राँग्जचं १८७५ सालचं दीपगृह, डावीकडे खांदेरी-उंदेरी, हे त्याने पुढे माझ्या फोनवर पाहिलं.

बंदरात असेपर्यंत जहाज हलतंय हे कळतसुद्धा नाही. आपण उभे आणि शहर सरकतंय असं वाटतं. प्राँग्ज मागे पडल्यावर पहिली खरी लाट येते. ती दिसत नाही, गुडघ्यात कळते. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा एक क्षण. माझ्या शेजारच्या बाईंनी लगेच रेलिंग धरलं. अर्ध्या तासात आम्ही दोघी हात सोडून चहा पीत होतो.

सगळ्यात वरच्या डेकवर मोबाईलला दोन कांड्या होत्या, खाली केबिनमध्ये शून्य. समुद्रसपाटीपासून तीस मीटर उंचीवरून क्षितिज साधारण वीस किलोमीटरवर असतं, खाली पाण्यालगत ते बरंच जवळ येतं. शिवाय केबिनच्या पोलादी भिंती. म्हणून शेवटचे फोन करायला सगळं जहाज वर लोटलं होतं. “हो, निघालो. हो, हलतंय थोडं. नाही नाही, कुणाला नाही लागली. हॅलो? हॅलो?” दिवे लागायच्या सुमारास एकेकाचा फोन तुटत गेला. मी बाबांना शेवटचं बोलले, फ्लाइट मोड टाकला आणि नवऱ्याचा फोन त्याच्या उशाखालून काढून त्याचाही टाकला.

रात्रीचा शो जहाजाच्या पुढच्या टोकाला, वरच्या मजल्यावर. म्हणजे नेमकी ती जागा, जिथली केबिन आम्ही नाकारली होती. पडदा मागेपुढे डुलत होता आणि जादूगार पाय फाकवून उभा होता. वीस मिनिटांत मला जांभया सुरू झाल्या. कंटाळ्याच्या नव्हेत. बोट लागण्याची सुरुवात पुष्कळदा अशीच होते: जांभया, तोंडाला पाणी, कपाळाला गार घाम, मळमळ त्यानंतर. उठले, खाली मधल्या मजल्यावर आले, आलेपाकाची वडी तोंडात टाकली, दहा मिनिटांत बरं वाटलं. शो बुडाला याचं फार वाईट वाटलं नाही.

केबिनमध्ये रात्रभर कपाटातले रिकामे हँगर एकमेकांवर टक् टक् वाजत होते. शेवटी उठून त्यांना टॉवेल गुंडाळला. हा पहिल्या रात्रीचा सगळ्यात उपयोगी शोध.

दुसरा दिवस: नुसतं पाणी

सकाळी खिडकीत निळं पाणी, दुसरं काही नाही. मुंबईचा गढूळ समुद्र रात्रीतच मागे राहिला होता.

चिरंजीव नाश्त्याला आले नाहीत. केबिनमध्ये जाऊन बघते तर पांढरेफटक, पलंगावर, फोन छातीवर पालथा. सकाळी सातपासून गादीवर लोळून गेम चालू होता. रिकाम्या पोटी. आमच्या चौघांपैकी ज्याला अजिबात भीती नव्हती त्यालाच लागली, आणि लागली ती फोनमुळे.

याचं कारण डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं. तोल सांभाळणारा अवयव कानाच्या आत असतो. तो मेंदूला सांगत राहतो, आपण वरखाली होतोय. डोळे मात्र हातभर अंतरावरच्या पडद्यावर खिळलेले, ते सांगतात, सगळं स्थिर आहे. दोन साक्षी जुळत नाहीत आणि त्याची शिक्षा पोटाला. पुस्तक वाचलं तरी तेच होतं. पण पुस्तकातून माणूस अधूनमधून मान वर तरी करतो, गेममधून करत नाही.

सासूबाईंनी त्याला उठवला. “तुका कितीदा सांगलंय, फोनात मुंडी घालून बसू नको. चल वर.” खालच्या मोकळ्या डेकवर, मधोमध, वाऱ्यात खुर्ची ओढून बसवला. “पाणी आणि आभाळ मिळता थंयसर बघ. खाली बघू नको.” कोरडा टोस्ट, थोडंसं मीठ-साखरेचं पाणी, आलेपाक. तासाभरात रंग परत आला. दुपारी त्याने दोन प्लेट पावभाजी खाल्ली, ती मात्र मी खाऊ देणार नव्हते. पोट रिकामं ठेवणं वाईट तसंच तेलकट ठासून भरणंही वाईट. पण नातू आणि आजी एका बाजूला असले की माझं कोण ऐकतं.

जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली माशाच्या पंखांसारखी पाती असतात, स्टॅबिलायझर म्हणतात. जहाज कलायला लागलं की ती कोन बदलून उलट दाब देतात. म्हणून चालत्या जहाजात आडवं झुलणं बरंच कमी जाणवतं. पुढे-मागे होणं त्यांना फारसं थांबवता येत नाही.

आता वायफाय. एका फोनपुरतं पॅक घेतलं, माझ्या. चौघांसाठी घेणं परवडण्यासारखं नव्हतं आणि गरजही नव्हती. एकाच पॅकवर आळीपाळीने दोन फोन चालवता येतात, पण पहिल्याचं लॉगआउट करायला विसरायचं नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज जात होते, फोटो रडतखडत, व्हिडिओचं नाव काढायचं नाही. जेवणाच्या वेळी सगळेच ऑनलाइन, तेव्हा तर मेसेजवर घड्याळाचं चिन्ह फिरत राहायचं. पहाटे सहाला मात्र सुसाट.

रात्री नऊला बाबांना व्हॉट्सॲप कॉल लावून पाहिला. लागला! पण मी “कसे आहात” म्हणते, उत्तर येत नाही म्हणून “हॅलो” म्हणते, त्याच क्षणी त्यांचं “बरा आहे” येतं, माझं “हॅलो” त्यांना उशिरा पोचतं, ते परत “हॅलो” म्हणतात. सगळा संवाद असा एकमेकांच्या पायात पाय अडकवत. जुन्या पद्धतीचे दळणवळण उपग्रह पृथ्वीपासून जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर असतात. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तराला आणखी पाव. अलीकडे साडेपाचशे किलोमीटरवर फिरणारे उपग्रह आलेत, त्यांच्यात हे जाणवत नाही, पण आमच्या जहाजावर ते सुख नव्हतं. बाबा तारखात्यात होते. त्यांनीच तोड काढली. “बोलून झालं की ‘संपलं’ म्हण, मग मी बोलतो.” त्यानंतर आमचं छान झालं. शेजारून जाणारे माझ्याकडे वळून बघत होते.

फोनशिवाय एकमेकांना शोधणं ही वेगळीच गंमत. अकरा मजले, हजारावर माणसं, आणि चौघांपैकी तिघांकडे नेटवर्क नाही. जहाजाचं स्वतःचं ॲप होतं, ते वायफाय पॅक न घेताही चालत होतं, कार्यक्रमांच्या वेळा त्यात दिसायच्या. पण सासूबाईंना ॲप कुठे देणार? शेवटी आरशासमोर एक वही ठेवली. ‘चहाला गेले. पाचला परत. – आई.’ ‘पूलवर.’ ‘कुठल्या पूलवर, वेळ लिही.’ खोलीतल्या फोनवरून जहाजात कुठेही फुकट बोलता येतं, हे पण बऱ्याच जणांना शेवटच्या दिवशी कळलं.

एक गोष्ट फ्लाइट मोडमध्येही चालते, ती म्हणजे जीपीएस. ते फक्त उपग्रहांचं ऐकतं, काही पाठवत नाही. घरून नकाशा उतरवून नेला होता. डेकवर फोन धरला की निळा ठिपका अरबी समुद्राच्या मधोमध. गोवा कधीच मागे पडलेला, डावीकडे लांब कुठेतरी मंगळूर. नवरा दर तासाला जाऊन वेग मोजून यायचा, तेरा नॉट, साडेतेरा नॉट. गोळीची झोप उतरल्यावर त्याला हा छंद लागला. मळमळ त्याला शेवटपर्यंत झाली नाही. घाटात होते ती इथे का नाही, हे तोच सगळ्यांना विचारत फिरत होता. मला वाटतं, घाटातल्या वळणांपेक्षा हा हेलकावा संथ असतो, आणि हा दिवसभर डेकवर उभा राहून क्षितिज बघत होता.

तिसरा दिवस: अगत्ती

सकाळी जहाज थांबलं आणि जास्त हलायला लागलं.

हे कोणी आधी सांगत नाही. स्टॅबिलायझरची ती पाती वेगावर काम करतात. जहाज उभं राहिलं की ती निरुपयोगी. अगत्ती या लक्षद्वीपच्या बेटाला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाची भिंत, आत उथळ खाजण. जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटी माणसं नेतात. दूर दक्षिणेकडून येणाऱ्या संथ, लांब लाटा जहाजाला आडव्या लागत होत्या. बुफेच्या टेबलावर संत्री एका बाजूला घरंगळत गेली आणि परत आली. ज्यांना दोन दिवस काही झालं नव्हतं, त्यांतले काही तिथे कोमेजले.

खालच्या दारातून छोट्या बोटीत उतरायचं. बोट कधी दाराच्या बरोबरीने, कधी हातभर खाली. दोन खलाशी दंड धरून उभे. रांगेत माझ्या पुढचे गृहस्थ फोन उंच धरून व्हिडिओ काढत उतरायला निघाले, खलाशाने आधी तो फोन खिशात ठेवायला लावला आणि मगच त्यांना हात लावला. दोन्ही हात मोकळे हवेत. सासूबाईंची पाळी आली तेव्हा माझा जीव वर-खाली. त्यांनी खलाशाला नजरेनेच ‘थांब’ केलं, एक लाट जाऊ दिली, पुढच्या लाटेला बोट वर आली तसं शांतपणे पाऊल टाकलं. मालवणला कोकण बोट बाहेरच उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर यावं लागायचं. त्यांचा सगळा अभ्यास तेव्हाचा. खलाशाने मल्याळीत काहीतरी म्हणून हात जोडले.

खाजणात शिरल्यावर एकदम सगळं थांबतं. पाणी काचेसारखं, तळ दिसतो, हेलकावा नाही.

आणि बोट धक्क्याला लागायच्या आधीच सगळ्या खिशांतून टुंग-टुंग सुरू. फ्लाइट मोड काढला होता, आपलंच सिम, भारतातलंच नेटवर्क, रोमिंगचा प्रश्नच नाही. दोन दिवसांचे ‘शुभ सकाळ’ एकदम आले. त्यांत बँकेचे दोन एसएमएस आणि एक शिळा ओटीपीही होता. चिरंजीव नारळाच्या सावलीत बसून गेले.

बेट सात-आठ किलोमीटर लांब, रुंदीला कुठेच एक किलोमीटरहून जास्त नाही. रस्त्यावर उभं राहिलं की काही ठिकाणी दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, तो जहाजवाल्यांनीच काढला होता. शहाळं विकणाऱ्या तरुणाने मोडक्या हिंदीत सांगितलं, इथे आता व्हिडिओ कॉल होतो, आधी नव्हता होत. २०२४ च्या जानेवारीत कोचीहून समुद्राखालून केबल आली. तोपर्यंत सगळी बेटं उपग्रहावर होती. आम्ही ज्या पाव-पाव सेकंदांवर वैतागलो, ते या लोकांनी वर्षानुवर्षं काढले, आणि आपण दोन दिवस काढले तर गावभर सांगतो.

बाबांना दुपारीच फोन केला. ‘संपलं’ म्हणायची गरज नव्हती, तरी ते म्हणत होते.

इथे घड्याळाची भानगड नाही, बेटांवरही आपलीच वेळ. सिएटलला माझी मावसबहीण असते, ती अलास्काच्या क्रूझला गेली तेव्हा तिच्या फोनने किनाऱ्यावरचा टॉवर पकडून स्वतःच वेळ एक तासाने मागेपुढे केली. जहाज आपल्याच वेळेवर चालतं, फोनच्या नाही. परदेशी क्रूझ घेणाऱ्यांनी मनगटी घड्याळ न्यावं आणि ते जहाजाच्या वेळेला लावावं. मागे राहिलेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

संध्याकाळी परत फिरलो. पोहलेलो, भाजलेलो, कानांत वाळू. टूना करी आणि भात. पुढचं काही आठवत नाही.

चौथा दिवस: परतीचं पाणी

जाताना लाटा मागून येत होत्या, येताना तोंडावर. फेब्रुवारीत दुपारनंतर वायव्येचा वारा वाढतो आणि जहाज उत्तरेला चाललेलं. त्यामुळे आज झुलणं पुढे-मागे, आणि पात्यांचा त्याला इलाज नाही. दुपारी तीनला लिफ्टजवळच्या रेलिंगला कागदी पिशव्या लटकलेल्या दिसल्या. कोणीही काही न बोलता त्या लावून गेलं होतं. पोहण्याच्या तलावातलं पाणी एका टोकाला साठून धाडकन दुसऱ्या टोकाला जात होतं, मग त्यावर जाळी टाकली.

खरं सांगायचं तर हे वादळ वगैरे काही नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे काका “पाच-सहा मीटरच्या लाटा” असं फोनवर रेकॉर्ड करत होते. दीड मीटर असाव्यात, फार तर दोन. डेकवरून खाली बघितलं की लाट किती मोठी आहे याचा अंदाजच येत नाही, शेजारून एखादा ट्रॉलर गेला की कळतं. तो गेला, आणि काका गप्प झाले.

ज्यांना त्रास होत होता ते बहुतेक आपापल्या केबिनमध्ये दार लावून पडले होते, हातात फोन. मधल्या मजल्यावर, खिडक्यांच्या हॉलमध्ये बसलेले त्यामानाने ठीक होते. आडवं पडायचंच असेल तर डोळे मिटून पडावं. चिरंजीव आज आपणहून डेकवर, कानात गाणी, डोळे क्षितिजावर. गाणी ऐकायला काही हरकत नसते. एक नवं जोडपं दोन तास एकमेकांना पंखा घालत होतं. सासूबाईंनी जाऊन त्यांना आलेपाक दिला आणि मुलीला उठवून बाहेर नेलं. संध्याकाळपर्यंत आमचा पाव किलो संपला.

रात्री वाऱ्याबरोबर समुद्रही पडला. नवऱ्याने फोनवर शेवटचा वेग मोजला. खर्चाचं बिल दारातून सरकवून ठेवलेलं सापडलं, त्यात कॉफी जास्त आणि वायफाय कमी होतं. ऑफिसच्या सिमवर मात्र एक पैसाही चढला नाही, हे महिनाअखेर बिल आल्यावर त्याने मला मुद्दाम दाखवलं.

पाचवा दिवस: मुंबई

पहाटे पाचला बाहेर अंधारात दिव्यांची रांग. फ्लाइट मोड काढायच्या आधीच वरच्या डेकवर कोणीतरी ओरडत होतं, “आई, पोचलो गं, दोन कांड्या आल्या!”

बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवलेल्या, त्या धक्क्यावर मिळाल्या. टॅक्सीची ओटीपी आली. बाबांचा मेसेज आधीच येऊन पडला होता: ‘पोचलात का. संपलं.’

ठाण्याच्या घरी आंघोळीला डोळ्यांना साबण लावून उभी राहिले आणि न्हाणीघर हळूच डावीकडे कललं. भिंतीला हात टेकला. शरीराने चार दिवसांत शिकलेला तोल लगेच विसरत नाही. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत जातं. आठवडा झाला तरी गेलं नाही तर डॉक्टरला दाखवावं, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. माझं तिसऱ्या दिवशी सकाळी गेलं. नवऱ्याला काहीच झालं नाही, सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “माका काय म्हायत, मी झोपलेलंय.” चिरंजीव सांगत होते की त्यांनाही झालं, पण ते तेव्हा सोफ्यावर पालथे पडून गेम खेळत होते, त्यामुळे कोणी फारसं मनावर घेतलं नाही.